सरकीतून ताटापर्यंत : जनुकबदल अन्न आणि त्याची ओळख
(अमरावती येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपण जनुकबदल केलेलं अन्न खातो का, असं विचारलं तर बहुतेक सुशिक्षित माणसं 'नाही' म्हणतात. त्यांच्याकडे तशी कारणंही असतात. बीटी वांग्याला ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. त्याआधी जानेवारीत नागपूरलाही त्यावर जाहीर सुनावणी झाली होती. जनुकबदल मोहरीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन वेगळी मतं पडली. वांगं आलं नाही, मोहरी अडली, म्हणजे आपलं ताट अजून तसंच आहे, असं वाटणं साहजिक आहे.

वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला मात्र हे उत्तर देता येत नाही. आपल्या शेतात पऱ्हाटी आहे. कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई आणि सरकी वेगळी होते. वजनाने पाहिलं तर रुई साधारण एक तृतीयांश निघते, बाकी सगळी सरकी. सरकी घाण्यावर जाते, तेल निघतं, ढेप उरते. तेल माणसांच्या पोटात जातं आणि ढेप गाई-म्हशींच्या. देशातल्या कापसाखालच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी कापूस आहे. म्हणजे आपण पऱ्हाटीकडे फक्त कापड म्हणून पाहतो तेव्हा तिचं अर्ध्याहून अधिक वजन आपल्या नजरेतून सुटतं. ते वजन अन्नाचं आणि चाऱ्याचं आहे. सरकी ढेपेचा वायदे बाजार उभा राहिला तेव्हा मालाच्या पोचवणीचं मूळ केंद्र म्हणून निवडलं गेलं ते आपलं अकोला. देशातल्या सर्वांत मोठ्या जनुकबदल पशुखाद्याचा भाव अकोल्याच्या नावाने बोलला गेला. हा विषय आपल्या घरचा आहे, तो असा.

तंत्रज्ञान चांगलं की वाईट, हा वाद पुढेही चालेल आणि चालायला हवा. मला आज त्याच्या आधीचा प्रश्न मांडायचा आहे. समोरच्या बियाण्यात, तेलात, पेंडीत काय आहे हे ओळखायचं साधन शेतकऱ्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या आवाक्यात का नाही? ते शास्त्र आता अवघड राहिलेलं नाही. त्यातलं काही नागपूरलाच तयार झालेलं आहे. तरी अकोट किंवा दर्यापूरच्या शेतकऱ्याला ते मिळत नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

आधी हे पीक तयार कसं होतं ते पाहू. मातीत बॅसिलस थुरिंजेन्सिस नावाचा एक जिवाणू राहतो. बीटी ही त्याचीच आद्याक्षरं. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला. पुढे १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगिया भागात एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या मेलेल्या अळीत मिळाला, आणि त्या भागाचं नाव त्याला चिकटलं. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी रस असतो. तिथे हे प्रथिन विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागांना चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. अळी खाणं थांबवते आणि मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि आपल्या आतड्यात त्या प्रथिनाला चिकटायला तशा जागा नाहीत. सेंद्रिय शेती करणारे लोक हाच जिवाणू फवारणीसाठी अनेक वर्षं वापरत आले आहेत.

या प्रथिनाचा जनुक कापसात न्यायचा तर वाहक लागतो, आणि तो निसर्गातच सापडला. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा दुसरा एक जिवाणू झाडाच्या जखमेतून शिरतो, स्वतःच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घालतो आणि तिथे गाठ उठवतो. शास्त्रज्ञांनी गाठ उठवणारे जनुक काढून टाकले आणि त्या जागी हवा तो जनुक बसवला. १९८३ च्या सुमारास अशी पहिली झाडं तयार झाली. पण नुसता जनुक घालून भागत नाही. त्याच्या पुढे तो चालू करणारा एक तुकडा लागतो, त्याला प्रमोटर म्हणतात. फुलकोबीवर पडणाऱ्या एका विषाणूतून घेतलेला '३५ एस' हा प्रमोटर फार वापरला गेला. जनुकाच्या शेवटी थांबवणारा तुकडा लागतो. शिवाय कोणत्या पेशीत जनुक गेला आणि कोणत्या पेशीत नाही हे कळावं म्हणून खुणेचा एक जनुक जोडतात. तो बहुधा प्रतिजैविकाला दाद न देणारा असतो. या तीन तुकड्यांची नावं लक्षात असू द्या, पुढे ओळख पटवायला तीच कामाला येणार आहेत.

हे सगळं 'कोकर ३१२' नावाच्या अमेरिकन वाणात केलं गेलं, कारण त्याच्या एका पेशीपासून अख्खं रोप वाढवता येत होतं. जनुक गुणसूत्रावर नेमका कुठे जाऊन बसला, त्या प्रत्येक बैठकीला 'इव्हेंट' म्हणतात आणि त्याला क्रमांक मिळतो. आपल्याकडे आलेला पहिला इव्हेंट म्हणजे मॉन ५३१. जालन्याच्या माहिको कंपनीला १९९५ मध्ये १०० ग्रॅम बियाणं आणण्याची परवानगी मिळाली. मग आपल्या वाणांशी त्याचा पुन्हा पुन्हा संकर झाला, चाचण्या झाल्या. शेळ्यांवरची चाचणी लखनौला, गाईंवरची कर्नालला, म्हशींवरची पंतनगरला आणि माशांवरची मुंबईला झाली. २६ मार्च २००२ रोजी मेक १२, मेक १६२ आणि मेक १८४ या तीन संकरित वाणांना मंजुरी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ हे बियाणं आलं.

इथे एक गल्लत दूर करतो, कारण ती रोज कानावर पडते. संकरित म्हणजे जनुकबदल नव्हे. आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने दिलेला पीकेव्ही हायब्रीड-२ हा कापूस मुळात संकरित होता, त्यात परका जनुक नव्हता. बीटीचा जनुक त्यात नंतर घालण्यात आला. बाजारात मोठा टोमॅटो, बिनबियांचं टरबूज, गोड मका दिसला की लोक 'जीएम' म्हणतात. बिनबियांचं टरबूज गुणसूत्रांच्या तीन संचांमुळे होतं, तो जुन्या पद्धतीचाच संकर आहे. फळावरच्या चिकटपट्टीवर ८ ने सुरू होणारा आकडा म्हणजे जनुकबदल, हेही मोबाइलवरून फिरतं. तो आकडा दुकानांत प्रत्यक्ष कधी वापरातच आला नाही. डोळ्यांनी, चवीने किंवा आकाराने जनुकबदल ओळखू येत नाही.

आता बोंडअळीकडे येतो. ती कथा सांगितल्याशिवाय ओळखीचा मुद्दा पुरता कळत नाही. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढलं. ज्यांनी नव्वदच्या दशकातल्या अळीने नागवलेली पऱ्हाटी पाहिली आहे, त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. पण गुलाबी बोंडअळीने आधी एका जनुकाला आणि मग २०१४-१५ च्या सुमारास दोन्ही जनुकांना दाद देणं थांबवलं. २०१७ च्या हंगामात वऱ्हाडभर डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसल्या. बोंडं फोडली तर आत अळी. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली.

असं का झालं? कंपनीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीचं छोटं पाकीट येत असे. ते शेताच्या कडेने पेरायचं, म्हणजे विष न चाखलेल्या अळ्याही जगतील आणि प्रतिकारक अळ्यांशी त्यांचं मीलन होऊन प्रतिकार पातळ राहील, असा त्यामागचा हेतू. बहुतेकांनी ते पेरलं नाही, आणि त्याचा उपयोग कोणी नीट समजावूनही सांगितला नाही. दुसरं कारण अधिक खोल आहे आणि ते आपल्याच पद्धतीत आहे. जगात इतरत्र बीटी कापूस बहुतांशी सरळ वाणांत पेरला गेला, आपण तो संकरित वाणांत पेरला. संकरित झाडात बीटीचा जनुक एकाच पालकाकडून आलेला असेल, तर त्या झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या बीटी नसतात. एका जनुकाचा हिशेब धरला तर सरासरीने चारातली एक सरकी त्याच्याविना असते. गुलाबी अळी राहते बोंडात आणि खाते सरकी. म्हणजे तिला त्याच घरात विष असलेले आणि नसलेले दाणे शेजारी शेजारी मिळाले. प्रतिकार वाढवायला याहून सोयीची जागा कुठली? डॉ. केशव क्रांती नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत असताना या गोष्टीकडे वारंवार लक्ष वेधत होते.

मग आली तणनाशक सहन करणारी पऱ्हाटी. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातल्या एका विकराला अडवतं, त्यामुळे झाडाला काही आवश्यक अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि ते वाळतं. ज्याच्यावर ग्लायफोसेटचा परिणाम होत नाही असा तोच विकर बनवणारा जनुक एका जिवाणूतून घेऊन कापसात घातला की तण मरतं, पऱ्हाटी उभी राहते. माहिको कंपनीने भारतातला मंजुरीचा अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला, पण बियाणं तोवर शेतात पोचलं होतं. केंद्राच्या पाहणी समितीला २०१७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत कापसाच्या सुमारे १५ टक्के क्षेत्रावर ते आढळलं. आपल्याकडे त्याला चोर बीटी म्हणतात.

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या हाकेवर हजारावर शेतकरी जमले आणि हे बियाणं त्यांनी उघडपणे पेरलं. कायद्यात त्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंडाची तरतूद होती. गुन्हे दाखल झाले. त्या शेतकऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी झेपत नाही, पाऊस लागून राहिला की डवरे चालत नाहीत आणि तण पऱ्हाटीच्या डोक्यावर जातं. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य मागणं चूक नाही. पण चोरून येणाऱ्या पाकिटात कोणता जनुक आहे, तो सगळ्या दाण्यांत आहे की निम्म्यांत, अळीचा जनुकही सोबत आहे की नाही, हे त्या पाकिटावर कोण लिहितं? त्याची पावती नसते, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. ज्याला हे बियाणं हवं आहे त्यालाही ओळख हवी आणि ज्याला नको आहे त्यालाही हवी. दोन्ही बाजूंचे शेतकरी या एका मागणीवर एकत्र यायला हरकत नाही.

ओळखायचं कसं, ते आता सांगतो. सगळ्यात सोपी ती पट्टी. कोवळ्या पानाचा तुकडा किंवा ठेचलेली सरकी छोट्या नळीत द्रावणासोबत चुरायची आणि त्यात कागदी पट्टी उभी करायची. दहा-पंधरा मिनिटांत एक रेघ उमटली तर पट्टी चालू आहे पण ते प्रथिन नाही. दोन उमटल्या तर आहे. बीटीच्या प्रथिनासाठी वेगळी पट्टी मिळते, तणनाशक सहन करणाऱ्या प्रथिनासाठी वेगळी. वीज नको, प्रयोगशाळा नको, बांधावर काम होतं. बीटी तपासण्याच्या अशा किट्स नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेने दोन दशकांपूर्वीच विकसित केल्या. पट्टीची मर्यादा अशी की ती प्रथिन शोधते. सरकी गरम करून घाण्यातून काढली की प्रथिनाची घडी मोडते, आणि ढेपेत किंवा तेलात तिचा भरवसा राहत नाही.

तिथे पीसीआर लागतं. करोनाने हा शब्द घरोघरी नेला, यंत्र आणि तत्त्व तेच. नमुन्यातून डीएनए काढायचा, तो ९५ अंशांना तापवला की त्याचे दोन धागे सुटतात. तापमान उतरवलं की आपण घातलेले छोटे तुकडे आपली जागा शोधून चिकटतात. ७२ अंशांना विकर नवा धागा बांधतो. एका फेरीत एकाचे दोन होतात, तीस फेऱ्यांत एका धाग्याचे १०७ कोटी होतात. पहिल्यांदा शोधायचे ते मघाचे तुकडे, ३५ एस प्रमोटर, थांबवणारा तुकडा आणि खुणेचा जनुक. ते सापडले तर काहीतरी जनुकबदल आहे एवढंच कळतं. ३५ एस मूळचा विषाणूतला असल्यामुळे खऱ्याच विषाणूची लागण झालेल्या फुलकोबीतही तो दिसू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नसतो. पुढची पायरी म्हणजे जनुक आणि झाडाचं गुणसूत्र यांच्या सांध्यावरचा क्रम तपासणं. तो सांधा प्रत्येक इव्हेंटचा वेगळा असतो, त्यावरून मॉन ५३१ आहे की दुसरं काही हे नक्की सांगता येतं. आणि प्रत्येक तपासणीत कापसाचा स्वतःचा एखादा जनुकही शोधावा लागतो. तोच सापडला नाही तर डीएनए खराब झालेला आहे, आणि 'जनुकबदल नाही' असा निकाल खोटा ठरेल.

ही तपासणी किती ताकदीची आहे याचं एक उदाहरण आपल्याच भागातलं आहे. नागपूरची संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून 'बिकानेरी नरमा बीटी' हा सरकारी बीटी वाण काढला. सरळ वाण, शेतकऱ्याने बियाणं घरी ठेवावं असा. २००८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. थोड्याच काळात त्यात मोन्सँटो या अमेरिकन कंपनीच्या मॉन ५३१ इव्हेंटचा क्रम सापडला आणि वाण मागे घ्यावा लागला. गरीब शेतकऱ्याच्या उपयोगाचा एक चांगला प्रयत्न त्या भेसळीत बुडाला, याचं मला फार वाईट वाटतं. पण ती भेसळ उघड झाली ती अशाच तपासणीमुळे. सरकारी संस्थेचं बियाणंही त्यातून सुटलं नाही, सुटायलाही नको होतं.

आता तेलाकडे. फार शुद्ध केलेल्या तेलात डीएनए नावापुरताच उरतो आणि तो पकडणं कठीण असतं, अशक्य मात्र नाही. २०१८ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातले ६५ नमुने तपासले, त्यातल्या साधारण एक तृतीयांशात जनुकबदल आढळला. बरेचसे आयात केलेले पदार्थ होते आणि जे देशी निघाले ते सरकीच्या तेलाचे. बाहेरून येणाऱ्या सोयाबीन तेलातही जनुकबदल सोयाबीनचं तेल असतं, त्याला २००७ मध्येच परवानगी मिळालेली आहे. दुधाचं काय, असं कोणीही विचारेल. ढेप खाणाऱ्या जनावरांच्या दुधात-मांसात तो जनुक किंवा ते प्रथिन उतरल्याचं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेला आढळलं नाही. म्हणून दुधाची तपासणी करून ढेप ओळखता येणार नाही, ओळख ढेपेच्या पोत्यावरच व्हायला हवी.

कायद्यात याची सोय अर्धवट आहे. १ जानेवारी २०१३ पासून पाकीटबंद जनुकबदल अन्नावर 'जीएम' ही अक्षरं छापायचा नियम वजनमाप खात्याच्या नियमावलीत आहे. १ मार्च २०२१ पासून २४ आयात पिकांसोबत जनुकबदल नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, १ टक्क्यापर्यंत अनवधानाने झालेली मिसळ चालते. हे बंदरावर झालं. पण तुमच्या घरातल्या फरसाणाच्या पाकिटावर तेलाच्या नावापुढे ती दोन अक्षरं तुम्ही कधी वाचलीत? मी वाचलेली नाहीत. सरकीचं तेल घातक आहे असं मी म्हणत नाही, तेलात प्रथिन जवळजवळ नसतंच. विकत घेणाऱ्याला माहीत असावं, एवढी साधी गोष्ट मी मागतो आहे.

सोयाबीनची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्या फायद्याची आहे. अमरावती, वाशीम, अकोल्यात पिकणारं सोयाबीन जनुकबदल नाही. ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेचं बहुतेक सगळं आहे. युरोपातला गिऱ्हाईक नॉन-जीएम पेंडीला जादा भाव देतो, पण ती नॉन-जीएम असल्याचा पुरावा मागतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला १० हजारांच्या वर गेला असताना केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवं पीक बाजारात येता येता भाव निम्म्यावर आले. त्याच वर्षी युरोपात भारतीय तांदळाच्या कण्यांत जनुकबदलाचे अंश आढळल्याची नोंद झाली आणि निर्यातदारांना खुलासे करावे लागले. एका खेपेने किती नुकसान होतं पाहा. आपल्या सोयाबीनची ही ओळख टिकवायची तर बाजार समित्यांच्या पातळीवर नमुने घेऊन तपासण्याची व्यवस्था आत्ताच उभी राहायला हवी. मिसळ झाल्यावर ती परत वेगळी काढता येत नाही.

काम पुढे अवघडही होणार आहे. मे २०२५ मध्ये जनुकसंपादित तांदळाचे दोन वाण देशात जाहीर झाले. त्यात परका जनुक नाही, झाडाचीच काही अक्षरं बदललेली आहेत. ३५ एस शोधून ते सापडणार नाहीत. ते वाण कोणी, कशात, काय बदल करून केले याची नोंद सुरुवातीपासून जाहीर असेल तरच पुढे ओळख शक्य आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. प्रत्येक तालुका कृषी कार्यालयात दोन्ही प्रकारच्या पट्ट्या हव्यात, शेतकऱ्याला तिथेच तपासून मिळावं आणि त्याची लेखी नोंद व्हावी. अकोल्याच्या विद्यापीठात पीसीआरची तपासणी शेतकऱ्याला परवडेल अशा दरात खुली व्हावी. बियाण्यांचं महामंडळ, महाबीज, त्याचं मुख्यालयही अकोल्यालाच आहे, त्याने या कामात पुढाकार घ्यावा.

हे होईल तेव्हा होईल, पण महिनाभरात मृग लागेल आणि कृषी केंद्रांपुढे रांगा लागतील. तुम्ही पाकीट घ्याल तेव्हा पक्की पावती मागा, तिच्यावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. पाकीट वरून न फाडता खालून उघडा, म्हणजे टॅग शाबूत राहतो. मूठभर सरकी कोरड्या डब्यात बाजूला ठेवा आणि हंगाम संपेपर्यंत पाकीट, पावती नि ती सरकी एकत्र जपा. उगवण फसली, अळी पडली किंवा तणनाशकाने झाडं जळाली, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लगेच लेखी अर्ज करा आणि पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका. नमुना हातात असेल तर नागपूरला तपासता येईल.